बॅकअपची किल्ली कोणाकडे?
आयक्लाउडवरचा आयफोनचा बॅकअप कूटबद्ध असतो, पण नेहमीच्या रचनेत त्याची किल्ली ॲपलकडेही असते. त्यामुळे कायदेशीर आदेश आला की कंपनी तो उघडून तपासयंत्रणेला देऊ शकते. संदेश पाठवताना कितीही सुरक्षित असले, तरी त्यांची प्रत अशा बॅकअपमध्ये गेली की ते संरक्षण संपते. बहुतेकांच्या लक्षात न येणारी फट हीच. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ या ॲपलच्या सोयीने ती बुजवली, ती सुरू करणाऱ्यांच्या किल्ल्या फक्त त्यांच्या उपकरणांवर राहू लागल्या.

ब्रिटिश सरकारने २०१६च्या ‘इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट’खाली अशा डेटातही प्रवेश मागितल्याची बातमी फेब्रुवारी २०२५ मध्ये फुटली. असा आदेश मिळाल्याचे सांगण्यासही तो कायदा मनाई करतो, आणि हेच त्यातले सर्वांत चिंताजनक कलम. ॲपलने मागचे दार बसवण्याऐवजी २१ फेब्रुवारीला ब्रिटनमधील नव्या वापरकर्त्यांसाठी ही सोयच बंद केली. सरकारसाठी ठेवलेली फट चोरालाही सापडते, त्यामुळे हा नकार योग्यच होता.

व्हॉट्सॲपच्या बॅकअपला २०२१पासून असेच संरक्षण देता येते, मात्र तेही सेटिंगमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागते. त्याचा पासवर्ड जपून ठेवावा. तो हरवला तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही.