प्लासिबोवाले पण सुधारले! मग औषध फसलं का?



पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मला सिलिअॅक आजाराच्या एका ट्रायलचा पेपर सांगायचा होता. निकाल सरळ होता: औषध आणि प्लासिबो यांत फरक नाही. मी शेवटची स्लाइड दाखवली, "म्हणजे औषध निकामी" असं म्हणाले आणि बसणार, तेवढ्यात सरांनी विचारलं, "प्लासिबो गटाचं काय झालं ते सांग ना." मी तो तक्ता नीट बघितलाच नव्हता. आज त्याच तक्त्याबद्दल लिहितेय. तुमच्यापैकी बरेच जण आता सिनॉप्सिस लिहिताय, त्यांना हे आधीच कळलेलं बरं.

आधी आजार थोडक्यात

गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. सिलिअॅक असलेल्या माणसाच्या शरीरात ग्लुटेनचे तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात शिरले, की रोगप्रतिकारशक्ती खवळते आणि स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. ही अॅलर्जी नाही, हा ऑटोइम्यून आजार आहे. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्न शोषून घेण्याचं काम त्यांच्याकडे असतं. या आजारात ते झिजून सपाट होतात.

गहू हे कारण शोधून काढणारे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके. 1950 मध्ये त्यांनी युट्रेख्ट विद्यापीठाला जो प्रबंध दिला, तो याच विषयावर होता. (हो, पीएचडीचा प्रबंध! तेव्हा धीर सोडू नका.) गंमत म्हणजे त्यानंतर सत्तर वर्षं उलटून गेली, तरी उपचार तोच आहे: आयुष्यभर ग्लुटेन बंद.

ऐकायला सोपं वाटतं. आपल्याकडे तर ज्वारी, बाजरी, नाचणी आहेच, भाकरी खा की! पण माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या भावाला हा आजार आहे आणि त्यांच्या घरी काय चालतं ते मी बघितलंय. ज्वारी गिरणीत दळायला दिली, तर त्याच जात्यातून आधी गहू गेलेला असतो. आमटीत हिंग घालावा, तर बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. लग्नाला जायचं तर डबा घेऊन जायचं. एवढं सगळं पाळूनही ग्लुटेनचा कण कुठून तरी पोटात जातोच. म्हणून औषध हवं आहे. पथ्याच्या जागी नाही मिळालं तरी चालेल, निदान पथ्याच्या जोडीला तरी.

494 लोक आणि एक कोडं

असंच एक औषध म्हणजे लॅटिग्लुटेनेज. ही दोन एन्झाइम्सची जोडी आहे. जठरातच ग्लुटेनचे बारीक तुकडे करायचे, म्हणजे आतड्यापर्यंत घातक तुकडा पोचणारच नाही, अशी कल्पना. (यातलं एक एन्झाइम मुळात बार्लीच्या दाण्यातलं आहे. चोराच्याच घरचा पहारेकरी!)

2017 मध्ये 'गॅस्ट्रोएंटरॉलॉजी' या जर्नलमध्ये त्याच्या फेज 2 ट्रायलचा निकाल आला. उत्तर अमेरिका आणि युरोपमधले 494 रुग्ण होते. सगळे किमान वर्षभर पथ्यावर, तरीही त्रास होत असलेले, आणि बायोप्सीत व्हिलाय झिजलेले दिसणारे. एका गटाला प्लासिबो, बाकीच्या गटांना वेगवेगळे डोस. मोजायचं काय? व्हिलायची उंची भागिले त्यांच्या मुळाशी असलेल्या खळग्यांची खोली. हे गुणोत्तर वाढलं, म्हणजे आतडं सावरतंय.

आता निकाल बघा. औषधवाल्या गटांत आतडं सुधारलं, त्रासही कमी झाला. आणि प्लासिबो गटात? तिथेही जवळजवळ तेवढंच! दोघांत फरक दिसला नाही.

प्लासिबोत तर काहीच नव्हतं. मग झिजलेलं आतडं सुधारलं कसं? "मनाला बरं वाटलं" हे उत्तर इथे पुरत नाही, कारण बायोप्सी मन बघत नाही. दोन कारणं संभवतात.

पहिलं: ट्रायलमध्ये आल्यावर माणसं बदलतात. दर काही दिवसांनी कोणीतरी विचारणार, रक्त तपासणार, पुन्हा एंडोस्कोपी होणार, हे ठाऊक असलं की माणूस पथ्य कसोशीने पाळतो. चोरून खाल्लेलं बिस्किट बंद होतं. म्हणजे प्लासिबो गटालाही एक उपचार मिळत होता: कडक पथ्य.

दुसरं: निवडीचा खेळ. तुम्ही माणसं घेतलीत तीच मुळी "आत्ता त्रास जास्त, आत्ता बायोप्सी वाईट" या अटीवर. वर-खाली होणारी कुठलीही गोष्ट तिच्या वाईट क्षणी पकडली, तर पुढच्या मोजणीत ती बहुधा सरासरीकडे सरकलेलीच दिसते. संख्याशास्त्रात याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात. परीक्षेत सर्वात कमी गुण मिळालेल्या दहा मुलांची पुढची परीक्षा घ्या, शिकवणी न लावताही त्यांची सरासरी थोडी वर गेलेली दिसेल.

आणि आता मुद्दा. औषधाचं काम होतं आत आलेलं ग्लुटेन तोडणं. पण पथ्य कडक झाल्यावर आत ग्लुटेनच फारसं येत नसेल, तर औषध तोडणार काय? पाऊसच पडला नाही, तर छत्री चांगली की वाईट हे कळणार कसं?

मग पाऊस पाडायचा

यावर उपाय म्हणजे ग्लुटेन चॅलेंज. ज्यांचा आजार पथ्याने आटोक्यात आहे, त्यांना ठरवून, मोजून ग्लुटेन द्यायचं आणि औषध आतडं वाचवतंय का ते बघायचं. 2021 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये झेडईडी1227 या औषधाची अशी ट्रायल छापून आली. हे औषध ग्लुटेन तोडत नाही. ट्रान्सग्लुटामिनेज 2 नावाचं आपलंच एन्झाइम ग्लुटेनच्या तुकड्यांत असा बदल करतं, की रोगप्रतिकारक पेशींना ते जास्त सहज ओळखू येतात. हे औषध त्या एन्झाइमलाच अडवतं.

सहा आठवडे, रोज 3 ग्रॅम ग्लुटेन. अंदाज यावा म्हणून सांगते: गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण दहावा भाग ग्लुटेन धरला, तर 30 ग्रॅम पिठाच्या एका पोळीइतकं झालं. गुणोत्तरातला प्लासिबोशी फरक 10, 50 आणि 100 मिलिग्रॅमच्या डोसला अनुक्रमे 0.44, 0.49 आणि 0.48 असा आला. म्हणजे प्लासिबोवाल्यांच्या तुलनेत औषधवाल्यांचं आतडं बरंच वाचलं. यावेळी फरक दिसला, कारण पाऊस सगळ्यांवर सारखा पडला होता.

पण याची किंमत बघा. प्लासिबो गटातल्या लोकांचं आतडं आपण जाणूनबुजून खराब केलं. त्यांनी संमती दिली होती हे खरं, पण त्या संमतीपत्रात "तुम्हाला त्रास होणार आहे आणि कदाचित औषधही मिळणार नाही" हे स्वच्छ लिहिणं ही संशोधकाची जबाबदारी. दुसरं, गळती. प्लासिबोच्या 40 जणांपैकी फक्त 30 जणांच्या शेवटच्या बायोप्सी वापरता आल्या. 50 मिलिग्रॅमच्या गटात मात्र 41 पैकी 39. गटागटांत गळती अशी वेगळी असेल, तर "जे उरले ते कोण?" हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: सहा आठवडे रोज मोजून 3 ग्रॅम, हे त्या मैत्रिणीच्या भावाचं आयुष्य नाही. त्याच्या पोटात जातं ते हिंगातलं, गिरणीतलं, कधी जास्त, कधी शून्य. चॅलेंज ट्रायल सांगते की औषध काम *करू शकतं*. रोजच्या जगण्यात ते *उपयोगी पडतं* का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळी ट्रायल लागते.

सिनॉप्सिस लिहिताना

मी आता माझ्या वहीत हे चार प्रश्न लिहून ठेवलेत, तुम्हीही ठेवा:

1. कंट्रोल गटाचं काय होईल? तो जागचा हलणार नाही असं गृहीत धरू नका. तो किती हलेल याचा अंदाज घेऊनच सॅम्पल साइज काढा.
2. औषधाला काम करायला संधी आहे का? म्हणजेच, पाऊस पडतोय का?
3. मोजताय ते रुग्णाला महत्त्वाचं वाटतं का? आतड्याचं गुणोत्तर आणि पोटदुखी हातात हात घालून चालतीलच असं नाही.
4. निकाल आल्यावर सापडलेल्या उपगटाचं काय कराल? लॅटिग्लुटेनेजच्या बाबतीत नंतर असं दिसलं की ज्यांच्या रक्तात अँटिबॉडी होत्या त्यांचा त्रास औषधाने कमी झाला. पटण्यासारखं आहे, कारण त्यांच्या पोटात ग्लुटेन खरंच जात असावं. पण नंतर शोधलेला उपगट म्हणजे पुढच्या ट्रायलचा प्रश्न. त्याला उत्तर समजू नका.

त्या दिवशी जर्नल क्लबमध्ये मी शरमले होते. आता कुठलाही ट्रायलचा पेपर हातात आला, की आधी प्लासिबोचा रकाना वाचते आणि मग औषधाचा. तुम्हीही पुढच्या पेपरला करून बघा, आणि काय सापडलं ते मला नक्की कळवा.