एक मंद जोडणी आणि सारे रुग्णालय

सीटीची फिल्म उजेडासमोर धरून पाहण्याचे दिवस आता मागे पडले. मध्यम आकाराच्या रुग्णालयांतही प्रतिमा, तपासण्यांचे अहवाल, देयके आणि औषधसाठा हे सारे पुष्कळदा तीन-चार सर्व्हरांच्या एका समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, नांदते. एका सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालतात आणि सर्वांच्या डिस्क मिळून एकच सामाईक साठा होतो. व्हीएमवेअरचे व्हीसॅन (२०१४) हे त्यातले परिचित नाव. एक सर्व्हर बंद पडला तरी माहिती शाबूत राहते, कारण तिची प्रत दुसऱ्यावर असते. सोय उत्तम आहे. मात्र हा साठा डिस्कवर जितका उभा असतो तितकाच सर्व्हरांना जोडणाऱ्या नेटवर्कवर उभा असतो, याची जाणीव खरेदीच्या वेळी क्वचितच असते.

दोष बहुधा दुसऱ्या खरेदीतून शिरतो. दोन नवे सर्व्हर सेकंदाला १० गिगाबिट वेगाच्या नेटवर्क कार्डांसह येतात आणि १ गिगाबिटचा जुना सर्व्हर ‘चालतोय ना, राहू द्या’ म्हणून त्यांच्या जोडीला बसवला जातो. तिघांपैकी दोन जलद, तेव्हा सरासरी बरी, असा हिशेब मांडला जातो. परंतु येथे सरासरीला अर्थ नाही. कोणतीही नोंद लिहिताना तिच्या सर्व प्रती उतरल्याची पोच आल्यावाचून काम पुरे झाले असे मानले जात नाही. एक प्रत मंद सर्व्हरवर जाणार असेल तर जलद सर्व्हरला तिच्यासाठी ताटकळावे लागते. कोणती प्रत कोठे ठेवायची हे क्लस्टर स्वतः ठरवतो. त्यामुळे औषधालयाचे देयक अडते, क्ष-किरण प्रतिमा मात्र झटकन उघडते, आणि दोष बिचाऱ्या सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो.

आता थोडे आकडे. १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट. सीटीचा ५१२ × ५१२ बिंदूंचा एक छेद सुमारे अर्ध्या मेगाबाइटचा. ६०० छेदांची तपासणी ३०० मेगाबाइटची. ती १ गिगाबिटवरून जायला निदान अडीच सेकंद लागतात, १० गिगाबिटवर पाव सेकंद. एवढ्याने कोणाचे काही बिघडत नाही, हे मान्य. पण डिस्क निकामी होऊन ४ टेराबाइट माहिती मंद सर्व्हरवर पुन्हा उतरवायची वेळ आली, तर तार पूर्ण मोकळी असूनही जवळजवळ नऊ तास लागतील. माहितीच्या दोनच प्रती ठेवल्या असतील, तर तेवढा वेळ रुग्णालय एका प्रतीवर तगून असते. त्याच तारेवरून त्या रात्रीचे सीटीही जायचे असतात. पक्षाघाताच्या रुग्णाच्या मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, हा २००६ सालचा अंदाज आपणा सर्वांस ठाऊक आहेच.

मेलेल्या सर्व्हरपेक्षा रेंगाळणारा सर्व्हर अधिक त्रासदायक. मेलेल्याला क्लस्टर काही वेळातच बाजूस काढतो; रेंगाळणारा मात्र हजेरी लावत राहतो. शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ संस्थांमधून अशा मंदावलेल्या यंत्रसामग्रीच्या १०१ घटना संकलित केल्या आहेत. आपल्याकडे याचे नेहमीचे रूप म्हणजे राखीव कार्ड. मुख्य कार्ड १० गिगाबिटचे, राखीव १ गिगाबिटचे. मुख्य कार्ड गेले की राखीव निमूटपणे काम हाती घेते, हिरवा दिवा लुकलुकत राहतो, आणि वेग दहापट घटल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

चार १ गिगाबिटच्या तारा एकत्र बांधण्याचा उपायही सुचवला जातो. तो निरुपयोगी नाही. पण दोन सर्व्हरांमधील एक संवाद साधारणतः एकाच तारेवरून जातो, म्हणून त्याला चौपट वेग मिळत नाही. शिवाय अशा जुडीत भिन्न वेगांच्या तारा चालत नाहीत.

जुने कार्ड टाकून द्यावयास नको. देखरेखीच्या कामाला ते पुष्कळ आहे. साठ्याच्या वाटेवर मात्र सर्व सर्व्हरांची कार्डे, राखीव धरून, एकाच वेगाची हवीत. स्विचचे पोर्ट आणि तारही त्याच तोलाची पाहावी: तांब्याच्या तारेवरून १० गिगाबिट १०० मीटर न्यायचे तर कॅट ६ए लागते. देखभालीच्या करारात आणखी एक ओळ घालून घ्यावी, की प्रत्येक जोडणीचा प्रत्यक्ष वेग दरमहा लेखी कळवला जाईल आणि तो उतरल्यास त्याच दिवशी दूरध्वनी येईल.