तेरड्याच्या परागनलिकेचं टोक

पेशीचं पटल जेमतेम 2-3 टक्के ताणतं, पुढे फाटतं, असं वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापक बाई बोलता बोलता म्हणाल्या आणि मी तिथंच अडलो. मक्याच्या कणसाच्या केसातून परागनलिका, म्हणजे एकाच पेशीची नळी, वीतभर खाली उतरते, तासाला सेंटिमीटरभरसुद्धा. ती वाढते कशी मग? ‘‘श्रावणात या, तेरड्यात दाखवते,’’ बाई म्हणाल्या.

गेलो. साखर, बोरिक ॲसिड, कॅल्शियम घातलेला पाण्याचा थेंब, त्यात ताजे पराग, वर कव्हर स्लिप. तेरडा घाईचा, पाच-दहा मिनिटांत नळ्या बाहेर पडल्या.

सूक्ष्मदर्शकातून बारीक कण नळीच्या कडेकडेनं टोकाकडे धावताना दिसतात, टोकाच्या अलीकडेच वळतात आणि मधून माघारी येतात. अगदी शेंड्याशी सगळं नितळ, रिकामं वाटणारं. खरी गर्दी तिथंच. पण तिथल्या पुटिका, म्हणजे पटलाच्याच इवल्या पिशव्या, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या, साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर. गॉल्जी संकुलातून पेक्टिन भरून निघालेली पुटिका ॲक्टिनच्या तंतूंवरून टोकाशी येते, पटलाला भिडते, उघडते. पेक्टिन पटलाबाहेरच्या पेशीभित्तिकेला मिळतं, पुटिकेचं आवरण पटलातच सामावतं. भित्तिकेला पुरेल एवढं पेक्टिन आणायचं तर पटल गरजेपेक्षा कितीतरी जास्त येऊन पडतं. जास्तीचं पेशी परत आत ओढते आणि पुन्हा वापरते. पुस्तकांत पेशी बाहेर काय टाकते एवढंच येतं. ती स्वतःला काय जोडून घेते, ते राहून जातं.

‘‘साध्या पाण्यात टाकून बघा की,’’ प्रयोगशाळेतले मामा म्हणाले आणि त्यांनी दुसरी स्लाइड लावलीसुद्धा. बघता बघता एका नळीचं टोक फुटलं, आतला ऐवज भसकन बाहेर. ‘‘साखर नाय, पाणी नुसतं आत घुसतंय,’’ मामा. टोकाची भित्तिका अजून कोवळी, तिला तो दाब पेलत नाही. आणि तिचा आधार सुटल्यावर 2-3 टक्के ताणणारं पटल किती तग धरणार! मी मामांना आणखी एक स्लाइड लावायला लावली. त्यांनी कुरकुर न करता लावली.

पेशी पाणी पिऊन फुग्यासारखी फुगते, हे शाळेत शिकलेलं अर्धंच आहे. रेटा पाण्याचा असतो, पण टोक पुढे सरकतं ते आतून येत राहणाऱ्या नव्या मालावर.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर मुलांना हे जरूर दाखवा. फूल सकाळचं, ताजं हवं. तेरडा संपला तरी सदाफुली असतेच. तिला मात्र वेळ जास्त लागतो.