गोवा : चौदा वर्षं सरकार झोपलं होतं का?

यशवंतपूरहून वास्कोला जाणारी गाडी कॅसलरॉक सोडून घाटात शिरली की डब्यात कुणीतरी हमखास गोवामुक्तीचा विषय काढतं आणि पाठोपाठ ते ठरलेलं वाक्य येतं : ‘सैन्य पाठवलं तर दोन दिवसांत काम झालं, मग नेहरू चौदा वर्षं काय करत होते?’ बंगळूरच्या मराठी घरांतही हेच ऐकू येतं. शिकलेसवरलेले लोक हे छातीठोकपणे सांगतात, तेव्हा वाईट वाटतं. नेहरूंच्या गोवा-धोरणावर टीका जरूर करावी. पण धोरणच नव्हतं, हे धादांत चूक आहे.

मुळात गोवा ब्रिटिशांचा नव्हता. त्यामुळे १९४७ च्या स्वातंत्र्याच्या कायद्याने तो मिळणं शक्यच नव्हतं. प्रजासत्ताक होऊन जेमतेम महिना झाला होता, तेव्हाच, फेब्रुवारी १९५० मध्ये, भारताने पोर्तुगालकडे वाटाघाटींची लेखी मागणी केली. तिथला हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने ती धुडकावली. वर एक खेळी केली : १९५१ मध्ये घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवून टाकलं. पणजी हे पोर्तुगालचंच शहर असं एकदा म्हटल्यावर बोलणी करायची कशावर? जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. त्याच काळात फ्रान्सशी मात्र बोलणी झाली आणि १ नोव्हेंबर १९५४ ला पुदुच्चेरीचा कारभार एक गोळीही न झाडता भारताकडे आला. सरकार तेच, पंतप्रधानही तेच. समोरची सत्ता तेवढी वेगळी होती.

१९५४ च्या पावसाळ्यात स्वयंसेवकांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातली दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. तिथे सैन्य न्यायचं तर पोर्तुगालला भारताच्या हद्दीतून जावं लागणार होतं. भारताने वाट अडवली आणि पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. हा खटला मराठी माणसाने तरी माहीत करून घ्यायलाच हवा. पोर्तुगालची सारी भिस्त पेशव्यांशी झालेल्या १७७९ च्या तहावर आणि नंतरच्या सनदांवर होती. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मराठ्यांनी या गावांचा फक्त महसूल दिला होता, सार्वभौम सत्ता नव्हे. पुढे ब्रिटिश काळात पोर्तुगालची सत्ता मान्य झाली आणि साध्या प्रवाशांना, मालाला, मुलकी अधिकाऱ्यांना वाट मिळत गेली, हे न्यायालयाने मानलं. पण सैन्य नेण्याचा हक्क नाकारला आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही, असा निर्वाळा दिला.

मग थेट लष्कर का नाही पाठवलं? पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या निवेदनात आशियातल्या या वसाहतींना ‘प्रांत’ म्हटलं. म्हणजे सालाझारचीच भाषा. त्या वेळी भारताच्या बाजूने सोव्हिएत संघ उभा राहिला. पण मोठा बदल झाला तो १९६० मध्ये : आफ्रिकेतले १६ नवे देश संयुक्त राष्ट्रांत आले आणि १५ डिसेंबरला आमसभेने ठराव क्रमांक १५४२ मध्ये गोव्याचं नाव अंगोला, मोझांबिकबरोबर अस्वयंशासित प्रदेशांच्या यादीत घातलं. ‘प्रांता’चा बनाव तिथे संपला. वर्षभराने, गोव्यात सैन्य गेल्यावर, भारताचे प्रतिनिधी सुरक्षा परिषदेत हा वसाहतवादाचा प्रश्न आहे असं ठणकावून सांगू शकले, ते या पायावर.

आता टीकेची खरी जागा. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं गेली. महाराष्ट्र पेटून उठला. नेहरूंनी तरीही लष्करी कारवाई नाकारली आणि पुढे सत्याग्रहींनाच हद्दीवर अडवलं. नाकेबंदी केली, कॅसलरॉकच्या याच घाटातली रेल्वे बंद केली. पण गोव्याचं लोहखनिज समुद्रमार्गे परदेशी जात राहिलं आणि पोर्तुगीज तगले. पोर्तुगीजांच्या तुरुंगात खितपत पडलेल्यांना ही वर्षं फार महाग पडली. त्यांचा राग रास्त होता, आणि माझ्या मते १९५५ नंतरचं धोरण गरजेपेक्षा जास्त काळ ताणलं गेलं. बोलायचं तर यावर बोला.

बाकीच्या समजुती थोडक्यात. ‘संयुक्त राष्ट्रांनी भारताला दोषी ठरवलं’ : नाही. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधी आणि सैन्य मागे घेण्याच्या ठरावाला सात मतं पडली, चार विरोधात. सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. विरोधात सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकही होते. ‘सगळा गोवा साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांकडे होता’ : तिसवाडी, बार्देश, सासष्टीपुरतं हे ढोबळमानाने खरं, फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे गेले. ‘नाटो युद्धात उतरणारच होतं’ : त्या करारातलं संरक्षण आशियातल्या वसाहतींना लागूच नव्हतं. आणि १९ डिसेंबर १९६१ ला गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली, तरी पोर्तुगालने गोव्यावरचा दावा तेव्हा सोडला नाही. लिस्बनमधली हुकूमशाही १९७४ मध्ये कोसळली, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला झालेल्या करारात पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.