किल्लीशिवाय मिटणारं कुलूप

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मोटारीच्या खोलीला पत्र्याचं दार असतं आणि त्याला दुकानात सगळ्यात स्वस्त मिळालेलं कुलूप. आत पंप, स्टार्टर, तांब्याची केबल असा हजारोंचा ऐवज. नाशिकला मेनरोडवर कुलूप घेताना गिऱ्हाईक ते तळहातावर तोलून बघतं. जड लागलं की मजबूत. खरी पारख मात्र आतल्या रचनेची करायला हवी.

स्वस्त कुलूप दाबलं की खट्‌कन मिटतं, किल्ली लागत नाही. कडीच्या खाचेत अडकणारी जीभ स्प्रिंगवर बसवलेली असते, तिचं तोंड तिरकं असतं. कडी आत जाताना तिला मागे रेटते. कडीच्या रेट्याने जी जीभ सरकते, ती फटीतून गेलेल्या पातळ पत्र्याच्या तुकड्यानेही सरकते. लिव्हर, म्हणजे किल्लीने नेमक्या ठरलेल्या उंचीला उचलाव्या लागणाऱ्या आतल्या पट्ट्या, कितीही असोत, त्यांच्याशी गाठच पडत नाही. दाबून मिटणारी सगळीच कुलपं अशी नसतात. काहींत जिभेऐवजी पोलादी छर्रे असतात, तिथे पत्रा चालत नाही. किल्ली फिरवल्याशिवाय न मिटणारं कुलूप याबाबतीत निर्धोक.

आपल्याकडच्या कुलपांचं म्हणाल, तर अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडली, शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा धंदा करून पाहिला, तो बसला. मग १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं करायला घेतली. पुढे त्यांच्या कारखान्याचं ‘नवताल’ घरोघरी पोचलं.

कुलपाचे दोष उघड करणं काही नवं नाही. १८५१च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन कारागिराने अभेद्य म्हणून गाजलेलं चब कंपनीचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. ब्रामा कंपनीच्या कुलपाला मात्र सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. त्या कुलपावर दोनशे गिनींचं बक्षीस लावलेलं होतं. असले दोष चारचौघांत सांगितले तर चोरांचं फावेल, असा तेव्हाही ओरडा झाला. पण चोराला ते आधीच ठाऊक असतात. अंधारात राहतो तो पैसे मोजून कुलूप घेणारा. म्हणून हे उघड बोललंच पाहिजे.

आणि कुलूप बदलताना कोयंडाही बघा. त्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर चांगल्यातलं कुलूपही वाया जातं. आरपार बोल्ट घालून नट आतून आवळून घ्यावेत.