१ मेची सुट्टी, हातात फावडं!

१ मे २०१८. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, विदर्भातलं रणरणतं ऊन आणि शहरातली माणसं गावच्या शिवारात! पानी फाउंडेशन या संस्थेच्या, गावांसाठीच्या जलसंधारणाच्या 'वॉटर कप' स्पर्धेतलं हे महाश्रमदान. यवतमाळ जिल्ह्यातली गावंही स्पर्धेत होती. ८ एप्रिल ते २२ मे, ४५ दिवस काम. माणसांची साखळी, हातोहात सरकणारं घमेलं आणि उताराला आडवे खोदलेले समतल चर. चरात पाणी थांबून मुरतं, माती वाहून तलावात जात नाही.

त्याच उन्हाळ्यात यवतमाळला पाणी पुरवणारे निळोणा, चापडोह हे तलाव आटले आणि यवतमाळ शहर टँकरवर आलं.

वाहून आलेली माती तलावात गाळ होऊन बसते आणि त्या गाळाने तलावाचा साठा घटतो. तोच गाळ शेतात टाकला तर ओल धरून ठेवतो.

मंडळी, तलाव आपणही जपू या: सुट्टीत तलावावर डबा खायला जाल, तेव्हा काठावरचं प्लॅस्टिकही उचलून आणा!