एक प्रत घरी, एक परगावी

माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ बडोद्यास राहतात. त्यांच्या मातोश्रींना जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. मातोश्रींच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी त्या ओव्या त्यांच्याच आवाजात मुद्रित करून संगणकात साठवून ठेवल्या. पुढे पुण्याच्या मुलाने आणि नागपूरच्या मुलीने अशी सोय करून दिली की, बडोद्याच्या संगणकातील तो संग्रह तिन्ही घरच्या संगणकांत आपोआप उमटावा. तीन गावी तीन प्रती झाल्या. आता चिंता कसली, असे सर्वांस वाटले. एके दिवशी नागपूरच्या घरी नातवाने संगणकात जागा करावी म्हणून काही जुन्या फाइली पुसून टाकल्या. थोड्याच वेळात त्या पुण्याहून गेल्या, आणि बडोद्याहूनही गेल्या. ही गोष्ट ध्यानात आली ती चार महिन्यांनी, मातोश्रींच्या श्राद्धाच्या दिवशी, जेव्हा घरच्या मंडळींनी त्यांचा आवाज ऐकावयाचे ठरविले तेव्हा.

श्रोतेहो, यात यंत्राचा दोष नव्हता. सांगितलेले काम त्याने चोख बजावले होते. दोष होता तो समजुतीचा. दोन भिन्न गोष्टी आपण एकच मानून चालतो. एकीला संगणकाच्या व्यवहारात ‘सिंक’ म्हणतात. मराठीत आपण तिला समक्रमण म्हणू. दुसरीला ‘बॅकअप’ म्हणतात. तिला राखीव प्रत म्हणू. या दोहोंतील भेद ज्याला कळला, त्याला या विषयातील निम्मे शहाणपण आले असे समजावे.

समक्रमण हे आरशासारखे आहे. एका ठिकाणी जे घडेल तेच दुसऱ्या ठिकाणी दिसावे, एवढेच त्याचे काम. आपण लेखात सुधारणा केली तर ती सर्वत्र पोहोचते. आपण चूक केली तर तीही तितक्याच तत्परतेने पोहोचते. राखीव प्रतीचे तसे नाही. ती शेतकऱ्याच्या बियाण्यासारखी आहे. खाण्याच्या धान्याची कणगी रोज उघडली जाते, भरते, रिती होते. बियाणे मात्र निराळे काढून ठेवलेले असते आणि घरात कितीही ओढ लागली तरी त्याला कोणी हात लावीत नाही. राखीव प्रतीला कालचा दिवस ठाऊक असतो. समक्रमित प्रतीला केवळ आजचा.

समक्रमण निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. घरी आरंभिलेले लेखन कचेरीत पुढे चालवावे, प्रवासात फोनवर वाचावे, ही सोय त्यानेच दिली. त्यामागील युक्तीही मोठी सुंदर आहे. १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी ‘आरसिंक’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. तिची रीत अशी: फाइलीचे लहान लहान तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यावर गणित करून एक आकड्याची खूण काढावयाची, दोन्ही ठिकाणच्या खुणा ताडून पाहावयाच्या, आणि जेथे खुणा जुळत नाहीत तेवढाच भाग पलीकडे धाडावयाचा. तीनशे पानांच्या साध्या मजकुरात एक ओळ बदलली, तर तीनशे पाने पाठविण्याचे कारण उरत नाही.

परंतु एकच फाइल दोन ठिकाणी दोघांनी, एकमेकांस न कळता, निरनिराळ्या तऱ्हेने बदलली तर काय करावे? यंत्राला योग्यायोग्य कळत नाही. बहुतेक चांगल्या आज्ञावली अशा वेळी दोन्ही पाठ शेजारी शेजारी ठेवतात आणि निर्णय मालकावर सोपवितात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा पेच अपरिचित वाटणार नाही. काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्यांपासून केरळच्या मल्याळम लिपीतील पोथ्यांपर्यंत पाठांतरे ताडून विद्वानांनी एकेक श्लोक निश्चित केला. त्या पोथ्या दूरदूरच्या प्रांतांत विखुरलेल्या होत्या, आणि एकीतील चूक दुसरीत आपोआप उतरत नव्हती, म्हणूनच ती तुलना शक्य झाली. अंतर हे कित्येकदा रक्षणही करते, ते असे.

आता साठवण्याच्या साधनांकडे वळू. १९५६ साली आयबीएम कंपनीने चुंबकीय तबकड्यांचे पहिले साठवणयंत्र विक्रीस आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर राहील एवढ्या डिस्कमध्ये त्याच्या दहा लाख पट मजकूर सहज बसतो. सोय वाढली, तशी एका आघाताने होणारी हानीही वाढली. पूर्वी ट्रंकेतील कागदांना वाळवी लागली तर चार कागद जात, बाकीचे हाती लागत. आज डिस्क हातातून पडली, तर लग्नाची छायाचित्रे, जमिनीचे कागद, अर्धवट राहिलेला प्रबंध, सारे एकदमच नाहीसे होते.

यावर जाणत्यांनी एक सुटसुटीत नियम सांगितला आहे. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराच्या लिखाणातून तो रूढ झाला. त्याला ‘तीन-दोन-एक’ म्हणतात. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती असाव्यात. त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक तरी परगावी, निदान दुसऱ्या वास्तूत असावी.

या तिसऱ्या अटीची लोक सर्वांत अधिक हेळसांड करतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तळमजल्यावरच्या असंख्य घरांत पाणी शिरले. अशा घरी टेबलाखाली संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात राखीव डिस्क असेल, तर दोन प्रती असूनही उपयोग काय? दोघींची गत एकच. ‘क्लाउड’ म्हणजे मेघ, हे नावही फसवे आहे. तो मेघ आकाशात नसतो. कोठल्या तरी गावात, कोणाच्या तरी इमारतीत, विजेवर चालणाऱ्या यंत्रांत असतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर शहरी अशाच एका पाच मजली इमारतीला आग लागून ती भस्मसात झाली. ज्या ग्राहकांची मूळ प्रत आणि राखीव प्रत या दोन्ही त्याच आवारात होत्या, त्यांचे सर्वस्व गेले. मेघात एक प्रत अवश्य ठेवावी. परंतु तीच एकमेव प्रत असू नये.

आणखी एक संकट अलीकडचे आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरच्या संगणकांतील फाइलींना कुलूप घातले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. अशी आज्ञावली संगणकास जोडलेल्या डिस्कलाही सोडीत नाही. म्हणून राखीव डिस्क काम होताच काढून कपाटात ठेवावी. जी जोडलेलीच नाही, तिच्यापर्यंत चोर पोहोचणार कसा?

एवढे करूनही एक गोष्ट राहते. कॅलिफोर्नियातील पिक्सार चित्रसंस्थेत १९९८ साली ‘टॉय स्टोरी’च्या दुसऱ्या भागाचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने त्या चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रती काढण्याची व्यवस्था होती. परंतु ती काही काळापासून नीट चालत नव्हती, आणि हे कोणी पाहिलेच नव्हते. अखेर आठवण झाली ती गेलिन ससमन या बाईंची. बाळंतपणामुळे त्या घरून काम करीत, आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकात चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून जपून मोटारीतून आणण्यात आला, आणि काम वाचले. चित्रपट १९९९ मध्ये पडद्यावर आला. लहान बाळामुळे योगायोगाने एक प्रत दुसऱ्या वास्तूत राहिली होती, म्हणून हे साधले. दर वेळी योगायोग धावून येईलच असे नाही. जी राखीव प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे असे धरून चालू नये.

तेव्हा सामान्य गृहस्थाने काय करावे? रोजच्या कामासाठी समक्रमण ठेवावे. त्याखेरीज दोन डिस्का घ्याव्यात. दर आठवड्यास एकीवर प्रत काढावी, आणि तीही जुनी पुसून नव्हे, तर तारीखवार निराळी राहील अशी. दुसरी डिस्क मुलीकडे, भावाकडे किंवा विश्वासू स्नेह्याकडे परगावी असावी, आणि येण्याजाण्यात त्यांची अदलाबदल व्हावी. मजकूर खाजगी असेल तर डिस्कला संकेतशब्दाचे कुलूप घालावे, आणि तो संकेतशब्द कागदावर लिहून घरातील एका जबाबदार माणसास ठेवावयास द्यावा. नाहीतर आपल्या पश्चात कुलूप राहील आणि किल्ली जाईल. मेघातील सेवांत पुसलेल्या फाइली बहुधा ३० दिवसच कचरापेटीत राहतात, हेही ध्यानात असावे. आणि वर्षातून दोन वेळा, पाडव्यास व दसऱ्यास म्हणा, राखीव प्रतीतील पाच-दहा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. दसऱ्यास आपण शस्त्रे पुसून पाहतो, ती गंजली नाहीत ना एवढ्यासाठीच.

बडोद्याच्या त्या गृहस्थांची मुदत तर केव्हाच टळून गेली होती. पुढे इंदूरच्या एका आतेबहिणीच्या कपाटात एक पेन ड्राइव्ह सापडला. कधी काळी हौसेने तिला दिलेला, आणि पुढे सर्वांच्या विस्मरणात गेलेला. त्यात अकरा ओव्या होत्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच. आज त्या अकरा ओव्या चार घरी आहेत, आणि दर दसऱ्याला बडोद्यास त्यांतली एक लावून ऐकली जाते.